‘सोनं झालं’ म्हणतात सगळे, मग माझं रडू का थांबत नाही?

नमस्कार. मी ४३ वर्षांची. नोकरी पुण्यात, माहेर वाईचं. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही उरलं नाही, आयसीयूत ठेवायचं की घरी न्यायचं ते तुम्ही ठरवा. बाबांनी आणि मी तिला घरी आणलं. भाऊ कॅनडात असतो. त्याला पोचता आलं नाही, त्यानं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. दुखणं थांबावं म्हणून मी आईला मॉर्फिन देत होते. शेवटचे चार दिवस तिनं काहीच खाल्लं नाही.

लेकीला तीनच दिवसांचं सुतक, असं सासूबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी मी पुण्यात सगळ्यांचे डबे भरत होते. दहाव्याला परत वाईला गेले, तर घाटावर कावळा शिवेना. दीड तास थांबलो. आत्या म्हणाली, ‘काहीतरी मनात राहिलंय वहिनीच्या.’ ते डोक्यातून जात नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, ‘सवाष्ण गेली, सोनं झालं.’

तेव्हा मला रडूच आलं नाही. आता येतं, कुठेही. सिग्नलला, मीटिंगमध्ये, कुकर लावताना. नवरा चांगला आहे, पण ‘अजून किती दिवस?’ असं विचारतो. मोबाइलवर दुःखाचे पाच टप्पे वाचले. मी चौथ्यात अडकलेय का? आईनं केलेल्या गोड्या मसाल्याची अर्धी बरणी माझ्याकडे आहे. ती वापरवत नाही, टाकवतही नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ‘आजी झोपेतच देवाघरी गेली’ असं सांगितलं, तर तो आता रात्री उठून माझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघतो. भाऊ फोनवर हवामानाशिवाय काही बोलत नाही.

सगळ्यात अवघड आहेत ते बाबा. ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मी गेले की फाइल काढून बसतात. ‘माझ्या वेळी नळ्या नकोत, आत्ताच कागद करून ठेवू.’ मी ओरडते, ‘बाबा, असलं बोलायचं नाही!’ गेल्या रविवारी मी ती फाइल भिरकावली. आईचं जाणं मला स्वीकारता येत नाही आणि हे आणखी एक समोर येऊन उभं राहतंय. काय करू?
– एक लेक, पुणे

---

आधी मॉर्फिनचं बोलू. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंय, पण रात्री झोपमोड करणारं वाक्य तेच असावं, असा माझा अंदाज आहे. मी दिलेल्या औषधानं आई लवकर गेली का? नाही. दुखण्याच्या मानानं, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन माणसाचा जीव घेत नाही. दुखणं कमी करतं आणि दम लागत असेल तर तोही थोडा हलका करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आपल्याकडे त्याची भीती बसली, त्यात कायद्याचाही वाटा आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की परवान्यांची कटकट नको म्हणून अनेकांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कुठे ते थोडं सुटसुटीत झालं. मधल्या काळात किती माणसं तळमळत गेली असतील, याचा विचार करवत नाही. तुमच्या आईला ते मिळालं, आणि देणारा हात लेकीचा होता.

खाण्याचंही तसंच. शेवटच्या दिवसांत माणूस खात नाही म्हणून जातो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शरीर एकेक काम आवरतं घेत असतं, म्हणून भूक लागत नाही. अशा वेळी बळेबळे भरवलं तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन त्रासच वाढतो. ओल्या कापसानं ओठ भिजवत राहायचे, बस्स. दोन श्वासांमधलं अंतर वाढत जाणं, घशातली घरघर, गार पडत जाणारे पाय, हे सगळं आपल्या आज्यांनी घरोघरी पाहिलेलं असायचं. आपल्या पिढीसाठी ते आयसीयूच्या पडद्यामागे गेलं. त्यामुळे ते घरात समोर दिसलं की वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकलेलं नाही. आयसीयूतली यंत्रं शरीराला तगवून धरतात ती आतला आजार बरा होईपर्यंत. इथे बरं होण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिथे नेलं असतं तर तुम्हाला भेटीच्या वेळेत काचेतून आई दिसली असती, इतकाच फरक.

आता कावळा. आत्याबाईंना मी दोष देणार नाही. त्यांचीही वहिनी गेली होती, तोंडातून वाक्य निघून गेलं. पण घाट जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून एकामागून एक घरची पिंडं मांडलेली, कावळे मात्र तेवढेच. त्यांची पोटं केव्हाच भरलेली असतात. शिवाय समोर माणसांचा घोळका. जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं समजू नका. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि विधी पुरा करायचा, ही सोय त्याच परंपरेत आहे. मागे राहिलेल्यांना जन्मभर टांगून ठेवायचं नाही, एवढी समज त्यात होती.

मला त्या दीड तासात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कावळा येत नाही म्हटल्यावर माणसं एकेक करून पुढे होतात, हात जोडतात आणि मोठ्यानं बोलतात. ‘दादांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.’ ‘धाकट्याचं लग्न मी लावून देतो.’ एरवी ज्यांच्या तोंडून मायेचा एक शब्द निघत नाही, असे पुरुष चारचौघांत गेलेल्या माणसाशी बोलतात. तुम्ही काय बोललात, ते पत्रात नाही. पाहुण्यासारख्या मागे उभ्या राहिला असाल तर कदाचित काहीच नाही. मग आता बोला. गाडीत बोला, ओट्याशी बोला. हे वेडेपणाचं लक्षण नाही. गेलेल्या माणसातून मन सोडवून घेतलं की शोक पुरा झाला, असं पाश्चात्त्य मानसशास्त्रात बराच काळ मानलं जायचं. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या उलट मांडणी केली. माणसं गेलेल्यांशी नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात आणि त्यात काही बिघडत नाही. भाद्रपदात पितरांना आवडीचं जेवू घालणाऱ्या आपल्या लोकांना हे शोधून काढायची गरज पडली नव्हती.

सासूबाईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीन दिवसांचंच सुतक सांगितलंय. पण सुतक हा पूजाअर्चा आणि शिवाशिव यांचा हिशोब आहे. रडण्याची मुदत त्यात कुणी घातलेली नाही. आणि त्या हिशोबापायी तुमचं काय गेलं, ते पाहा. वाईच्या घरात तेरा दिवस माणसं येत होती. शेजारून पिठलं-भात येत होता, कुणीतरी परस्पर चहा टाकत होतं, ‘अक्का अशी होती, अक्का तशी होती’ चाललेलं होतं. कुणी गप्प बसलं तर त्याला कोणी कामाला लावत नव्हतं. मृत्यू झालेल्या घराकडून काही दिवस काहीच मागायचं नाही, ही मोठी शहाणी रीत आहे. आणि ती नेमकी लेकीच्या वाट्याला येत नाही. जिनं आईचं सगळं केलं, ती चौथ्या दिवशी डबे भरत होती. तेव्हा तुम्हाला रडायला फुरसत नव्हती. ते आत्ता वर येतंय, यात मला काही आजार दिसत नाही.

‘सोनं झालं’ म्हणणाऱ्यांचं मात्र मला थोडं नवल वाटतं. नव्वदीचं माणूस झोपेत गेलं तर ठीक आहे. पण दुखणं काढून गेलेल्या बाईबद्दल, तिच्या नवऱ्यासमोर, ‘सवाष्ण गेली, भाग्याची’ म्हणायचं? म्हणजे मागे उरलेल्या त्या ७६ वर्षांच्या माणसाचं काय? हे कोणी विचारत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. मृत्यूसमोर गप्प राहवत नाही म्हणून तयार वाक्यं बाहेर पडतात. त्यांच्याशी वाद घालू नका. ‘हो, पण मला ती हवी होती,’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. समोरचा निरुत्तर होईल, किंवा प्रथमच खरं काहीतरी बोलेल.

आत्मा अमर आहे, मग रडायचं कशाला, असंही कुणीतरी ऐकवलं असेलच. त्यांना आळंदीला पाठवा. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये तिथे समाधी घेतली तेव्हा नामदेव हजर होते, आणि त्या प्रसंगावरचे त्यांचे अभंग आक्रोशानं भरलेले आहेत. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत त्या प्रसंगाचं कीर्तन आजही होतं आणि ऐकणारी माणसं डोळे पुसतात. अमरत्वाची गोष्ट नामदेवांना आपल्यापेक्षा कमी ठाऊक नव्हती.

पाच टप्प्यांचं एका दमात सांगते. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे टप्पे डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, ते शिकागोत मरणासन्न रुग्णांशी बोलून. म्हणजे जाणाऱ्या माणसाचं मन कसं चालतं, त्याचं ते वर्णन होतं. मागे राहिलेल्यांना ते पुढे चिकटवलं गेलं आणि मोबाइलवर येईपर्यंत त्याची इयत्ता पहिली ते पाचवी झाली. तुम्ही चौथ्यात नाही, अडकलेल्याही नाही.

शोक करणाऱ्या माणसाचं चित्र म्हणून मला मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं जास्त खरं वाटतं. त्यांच्या मते, माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतो, आठवतो, रडतो. कधी उठून वीजबिल भरतो, मुलाचा अभ्यास घेतो, विनोदावर हसतो. दोन्ही लागतं. नुसतं रडत राहिलं तर माणूस खचतो आणि नुसती कामं उरकत राहिलं तर तुमच्यासारखं सिग्नलला गाठलं जातं. तुमची कामाची बाजू भक्कम आहे. दुसऱ्या बाजूला मात्र तुम्ही वेळच दिलेला नाही, म्हणून ती मीटिंगमध्ये घुसते. तिला थोडी हक्काची वेळ द्या. आठवड्यातून एखादी संध्याकाळ, दार लावून, आईचे फोटो घेऊन. असं ठरवून का रडता येतं, असं वाटेल. येतं. आणि त्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर खळखळून हसलात तर त्याचा हिशोब आईला द्यायचा नाही.

नवऱ्याला ‘किती दिवस’चं उत्तर देऊ नका, त्यांना काम द्या. बायको रडते तेव्हा काय करायचं, हे आपल्याकडच्या पुरुषांना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते तारीख विचारतात. ‘मी रडायला लागले की काही समजावू नकोस, कुकरखालचा गॅस बंद कर आणि इथे बस.’ इतकं स्पष्ट सांगा. जमेल त्यांना.

आता ती बरणी. मसाला वापरायला काढा, आणि लवकर काढा. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात. ते जुने झाले की खवट होतात. आणखी वर्षभर कपाटात ठेवलात तर शेवटी कचऱ्यात जाईल, आणि मग खरोखरच वाईट वाटेल. आज बरणी फ्रिजमध्ये ठेवा. येत्या रविवारी त्यातला चमचाभर घालून आमटी करा, आईच्या हातची जशी व्हायची तशी, चिंच-गुळाची. त्याआधी एक करा. आई हा मसाला कसा करायची, धणे किती, दगडफूल किती, खोबरं कितपत भाजायची, हे कुठे लिहिलेलं आहे का ते शोधा. बहुतेक नसेल. मग आत्याला फोन लावा. वहिनीबद्दल त्यांना भलतं बोलायला लागू नये म्हणून का होईना, एक चांगला विषय मिळेल. बाबांनाही विचारा. मसाल्याच्या दिवशी कांडपावर डबा घेऊन कोण जायचं? बहुधा तेच. बरणीच्या तळाला दोन चमचे राहिले की नवा मसाला करा आणि जुना त्यात मिसळा. नवा तसा होणार नाही. थोडा तुमच्या हाताचा होईल.

मुलाचं मात्र आजच करा. ‘झोपेत गेली’ हे वाक्य मुलांना सांगू नये, कारण ती ते शब्दशः घेतात. आई झोपली की तीही जाऊ शकते, असं त्याच्या मनात बसलंय. रात्री पहारा करतंय बिचारं. त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगा: आजीच्या पोटात मोठा आजार झाला होता, तो औषधानं बरा होणारा नव्हता, म्हणून तिचं शरीर बंद पडलं. ती मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. झोप वेगळी असते, झोपलेलं माणूस सकाळी उठतं. मला तो आजार नाही. ‘मेली’ हा शब्द तुमच्या तोंडून निघायला जड जाईल, मुलाला ऐकायला तितका जड जाणार नाही. ‘तूपण मरशील का?’ असं तो विचारेल. ‘सगळेच कधीतरी मरतात, पण तू मोठा होईपर्यंत मी असेन असं मला वाटतं, आणि मी नसले तर तुझ्याजवळ बाबा आहेत, आजोबा आहेत, मामा आहे.’ देवाघराचं तुमच्या श्रद्धेनुसार नंतर सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला दोन्ही एकत्र पेलतं. पुढच्या वेळी वाईला जाल तेव्हा घाटावर न्या त्याला, आजीचं शेवटचं काम कुठे झालं ते दाखवा.

भावाचं अगदी थोडक्यात. त्यानं आईला चौकटीतून जाताना पाहिलं आणि फोन ठेवल्यावर तो एकटा होता. तुम्हाला निदान तिच्या कपाळावर हात ठेवता आला. हवामानाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला ‘तू आला नाहीस’ हे वाक्य ऐकायची भीती असते. त्याला आईच्या शेवटच्या दिवसांतल्या लहानसहान गोष्टी सांगा. काय बोलली, कुणाचं नाव घेतलं, कोणता अभंग लावायला सांगितला. आईच्या एक-दोन साड्या आहेत का? त्यातली एक त्याच्याकडे जाऊ द्या.

डॉक्टरकडे कधी जायचं, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ हा स्वतंत्र विकार म्हणून धरला आहे. सहा महिन्यांनंतरही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र राहिली, रोजचं जगणंच ठप्प झालं आणि हे आपल्या समाजात साधारण अपेक्षित असतं त्यापलीकडे गेलं तर. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी ही मुदत वर्षाची धरतात. तुम्ही नोकरी करता, मुलाकडे लक्ष आहे, पत्रात तीन ठिकाणी मिश्कीलपणाही डोकावतो. त्यामुळे मला काळजी वाटत नाही. पण झोप पार उडाली, जेवण जाईनासं झालं किंवा आपणही आईपाशी जावं असं मनात यायला लागलं, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

आणि आता फाइल.

त्या फाइलमध्ये काय असेल, याचा विचार केलाय? बँकेची पुस्तकं, मुदत ठेवींच्या पावत्या, पेन्शनचे कागद, घराचं प्रॉपर्टी कार्ड. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर नॉमिनी म्हणून आईचं नाव असणार. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी संसार मांडला तेव्हा लिहिलेलं. आता ते नाव काढून तिथे दुसरं लिहायचंय. एवढ्या वर्षांच्या बायकोचं नाव एकेका अर्जावरून कमी करायचं, आणि हे काम एकट्यानं करायचं. बाबा तुम्हाला मृत्यूबद्दल बोलायला बोलावतात, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्या अर्जांसमोर त्यांना सोबत हवी आहे.

‘नळ्या नकोत’ या वाक्याकडेही नीट पाहा. हे ते आईच्या आधी कधी म्हणाले होते का? पत्रावरून तरी वाटत नाही. त्यांनी आपल्या बायकोला घरी, स्वतःच्या अंथरुणावर, दुखणं आटोक्यात असताना, लेकीचा हात धरून जाताना पाहिलं. आणि नंतर त्यांनी तुम्हाला सांगितलं की माझंही असंच कर. ज्या निर्णयासाठी तुम्ही आठ महिने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय, तोच निर्णय ते स्वतःसाठी मागताहेत. आईच्या वेळी आपण योग्य केलं का, या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा या जगात एकच माणूस आहे, तो दर रविवारी उत्तर घेऊन बसतो आणि तुम्ही उठून जाता.

बाबा म्हणतात तसा कागद खरोखर करता येतो. या कायद्याची वाट आपल्या मुंबईतूनच गेली आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर कायमच्या बेशुद्धावस्थेत गेल्या, आणि २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. त्यांच्यासंबंधीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे मान्य केलं. २०१८ मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधी लिहून ठेवलेला कागद, म्हणजे लिव्हिंग विल, दोन्ही मान्य केले. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. भानावर असलेल्या प्रौढ माणसानं स्वेच्छेनं लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घालायची. एकापेक्षा जास्त घालता येतात, म्हणजे तुमचं आणि भावाचंही. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यायची. वेळ आलीच तर दवाखान्यातली डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, म्हणजे सगळा भार तुमच्या एकटीच्या खांद्यावर पडत नाही. विचार बदलला तर बाबा तो कागद केव्हाही रद्द करू शकतात.

मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं. तेही करून घ्या, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते, पण ते कायदेशीर वारसांसाठी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊ परदेशात आहे म्हटल्यावर केलेली बरी.

येत्या रविवारी फाइल तुम्हीच काढा. भिरकावल्याबद्दल लांबलचक माफी मागू नका, वडिलांना ते अवघड होईल. ‘बाबा, दाखवा’ म्हणा आणि शेजारी बसा. मग त्यांना विचारा. शेवटी कुठे राहायला आवडेल, वाईला की माझ्याकडे पुण्याला? दवाखान्यात कितपत न्यायचं? विधी हवेत की नकोत? देहदानाचं मनात आहे का? अग्नी कुणी द्यायचा, मी दिला तर चालेल? हा शेवटचा प्रश्न विचारताना तुमचा आवाज फुटेल. फुटू दे, पण उठू नका. त्यांचाही फुटेल. पहिल्या रविवारी एक फॉर्म भरून झाला तरी पुष्कळ. बाकी दुपार आईबद्दल बोलण्यात जाऊ द्या. ते ऐकायलाही त्या घरात सध्या कुणी नाही.

सहीसाठी साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे घ्या. कुणाला बोलवायचं ते बाबांनाच ठरवू द्या. सर इतकी वर्षं शिक्षक होते, म्हटल्यावर वाईत त्यांचे दोन विद्यार्थी सहज सापडतील, आणि त्यातला एखादा नोटरीही निघेल.